माळ्याच्या दोन खिडक्या

काहीही न करण्यासाठी माणसं मुद्दाम स्वतःचं घर सोडून दुसऱ्याच्या घरी येतात, हे मला सत्तरी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं. ते मला माझ्या सुनेने शिकवलं. लोरेदानाने गोठा मोडून तिथे जेवणाची मोठी खोली केली, वरच्या मजल्यावरच्या चार खोल्या पांढऱ्या रंगवल्या, आणि तेव्हापासून एप्रिल ते नोव्हेंबर आमच्या घरात परकी माणसं लोळत असतात. गुरं होती तेव्हा निदान दूध तरी मिळायचं. हे मी तिला तोंडावर सांगितलेलं आहे, त्यामुळे मी मागून बोलते असं कुणी समजू नये.

त्या वर्षी ऑक्टोबरच्या मध्यावर मिलानहून एक जोडपं आलं. नवरा आत्तिलियो ब्रांबाती, वकील, नुकतंच काम सोडलेला, पोटावर सैल स्वेटर. बायको कोस्तान्झा, उंच, हडकुळी, बोलणं कमी. लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून पंधरा दिवस आमच्या टेकडीवर निवांत राहणार होते. दहाला उठायचं, अकराला नाश्ता, मग द्राक्षमळ्यातून हात मागे बांधून एक चक्कर, मग जेवण, मग झोप, मग संध्याकाळी हातात पेला घेऊन अंगणात खुर्ची टाकून मावळता सूर्य बघायचा. सूर्य आमच्याकडे रोजच मावळतो. आजवर तो बघायला कुणाला खुर्ची लागली नव्हती.

लोरेदानाने त्यांना सगळ्यांत चांगली खोली दिली. म्हणजे नेमकी माळ्याखालची.

माळा माझा आहे. घर व्हास्कोचं, म्हणजे माझ्या मुलाचं. तळघर त्याचं, मळा त्याचा, स्वयंपाकघर निम्मं लोरेदानाने गिळलं. पण माळ्याची किल्ली सासूने मरताना माझ्या हातात दिली, ती माझ्या एप्रनच्या खिशातच असायची. सप्टेंबरअखेर द्राक्षं उतरली की त्यातले पांढरे, सुटसुटीत घड मी स्वतः निवडते आणि माळ्यावर बोरूच्या तट्ट्यांवर एकेक करून मांडते. एक घड दुसऱ्याला टेकता कामा नये. फेब्रुवारीपर्यंत ते तिथे आक्रसत पडून राहतात. मग त्यांचा रस छोट्या पिंपात भरायचा. पिंपाच्या तळाशी जुना दाट गाळ असतो, तो विरजणासारखा. वरून तोंड मेणाने बंद करायचं आणि विसरून जायचं. हीच आमची विन सांतो, गोड, मधाच्या रंगाची. आम्ही ती विकत नाही.

आमच्या घरात ज्या वर्षी मूल जन्मतं त्या वर्षी भरलेलं पिंप त्या मुलाच्या नावाचं. खडूने नाव लिहायचं आणि लग्नाच्या दिवशीच फोडायचं. सासऱ्यांचं होतं, माझ्या नवऱ्याचं, दुइलियोचं होतं, व्हास्कोचं होतं, आणि माझी नात जिनेव्रा हिचं दोन वर्षांपूर्वी फोडलं. जिनेव्राला आता फेब्रुवारीत मूल होणार होतं. माळ्यावर वाळत असलेला एकूण एक घड त्या मुलाचा होता.

माझ्या नावाचं पिंप नव्हतं. माहेरी आम्ही अर्धेलीने जमीन कसणारी माणसं. द्राक्षं उतरायची तेव्हा मालकाचा कारभारी वेलींपाशी उभा असायचा, आणि माझ्या आईने चुलीवर सुतळीने टांगलेले चार घडही एकदा त्याने काढून नेले होते. माझ्या लग्नात माझ्या बापाने सासरच्यांच्या पिंपातला पेला उचलला. सासूने तो पेला मला पुढची एकवीस वर्षं ऐकवला. तेव्हा पिंप म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

माळ्याला दोन खिडक्या आहेत, एक उत्तरेला, एक दक्षिणेला. डोंगरावरून कोरडा वारा सुटला की दोन्ही सताड उघडायच्या. समुद्राकडून दमट वारा आला, दरीतलं धुकं वर चढायला लागलं की लावायच्या. पहिला महिना फार जपावं लागतं. घडात पाणी असतं, दमट हवा बसली की बुरशी धरते, आणि बुरशीला एक रात्र पुरते. काम एवढंच, पण त्यासाठी दिवसातून चारदा नाक बाहेर काढून हवा हुंगावी लागते. पहिली फेरी पहाटे साडेपाचला. साठ वर्षं झाली, लाकडी तळव्याचे जोडे घालून मी तो जिना चढते.

सोमवारी लोरेदाना मला म्हणाली, की पाहुण्यांची झोपमोड होते.

मी म्हटलं, कोंबडा पण ओरडतो, त्याला सांग आधी. ती म्हणाली, कोंबड्याचं त्यांना कौतुक आहे, तुमच्या पावलांचं नाही. मी निदान कापडी चपला घालाव्यात आणि वर जाणं साडेनऊच्या पुढे ठेवावं, फक्त पंधरा दिवस. साडेनऊ. तोवर वारा तीनदा फिरतो. मी दुसऱ्या दिवशी साडेपाचलाच गेले, आणि जोडे घालून गेले. तिसऱ्या पायरीवर जरा जोरातच पाय पडला असेल.

मंगळवारी रात्री जेवणाला वकीलसाहेब तोंड फुगवून बसले होते. लोरेदानाने विन सांतो आणि बदामाची कडक बिस्किटं ठेवली. वकिलाने पेला दिव्यासमोर धरला, गोल गोल फिरवला, नाक आत खुपसलं, आणि मी बिस्किट बुडवायला लागले तसा मला म्हणाला, की एवढ्या चांगल्या वाइनमध्ये बिस्किट बुडवणं म्हणजे अपराध आहे, चव मरते.

मी म्हटलं, "वकीलसाहेब, ही वाइन मी केली, बिस्किट माझ्या सुनेने केलं, आणि दात माझे स्वतःचे आहेत. तुमचं यात काय आहे ते सांगा."

व्हास्को ताटात बघायला लागला. वकिलाची बायको मात्र माझ्याकडे बघत राहिली आणि तिने मुकाट्याने आपलं बिस्किट पेल्यात बुडवलं. मला तेही आवडलं नाही. मला तिची बाजू नको होती.

बुधवारी सकाळी व्हास्को स्वतः आला. पन्नाशीचा माणूस, टोपी हातात धरून, डॉक्टरकडे आल्यासारखा. म्हणाला, आई, लोरेदानाचं म्हणणं आहे की हे लोक वाईट लिहितील, मग कोणी येणार नाही. फक्त आठ-दहा दिवस. मी बघतो ना खिडक्यांकडे.

तो बघतो. व्हास्कोला ऑक्टोबरात तळघरातून वर मान काढायला फुरसत नसते. नवी वाइन उकळत असते, शिवाय ऑलिव्ह तोंडावर आलेले असतात. मला हे माहीत होतं. पण त्या घटकेला माझ्या डोक्यात एवढंच शिरलं, की माझ्याच घरात, माझ्याच जिन्यावर, माझा पाय कधी पडावा हे मिलानचा वकील ठरवणार आणि माझा मुलगा त्याचा निरोप्या होणार. मी खिशातून किल्ली काढली, स्वयंपाकघरात चुलीशेजारच्या खिळ्याला अडकवली, आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की ही माणसं जाईपर्यंत मी माळ्याची पायरी चढणार नाही. आता माळा तुमचा. द्राक्षं तुमची. बघा.

त्या दिवशी डोंगराचा कोरडा वारा होता. दोन्ही खिडक्या उघड्या होत्या.

गुरुवारी संध्याकाळी वारा पडला आणि दक्षिणेकडून फिरला. मला ते कळायला बाहेर जावं लागलं नाही. मिठाच्या भांड्यातलं मीठ चमच्याला चिकटलं, दोरीवरचे टॉवेल दमटच राहिले, माझा डावा गुडघा बोलायला लागला. मी चेस्टनट सोलत बसले होते. लोरेदाना पलीकडे पीठ मळत होती. बुधवारपासून आम्ही एकमेकींशी बोलत नव्हतो. मला एक शब्द बोलायचा होता, खिडक्या. तो शब्द माझ्या जिभेवर आला आणि मी तो गिळला. म्हटलं, कुणीतरी येईल. येईल आणि म्हणेल, आई, तुमच्याशिवाय होत नाही, चला. मग मी आणखी दोनदा म्हणायला लावीन आणि जाईन.

कुणी आलं नाही.

शुक्रवारी सकाळी धुकं एवढं होतं की विहीर दिसत नव्हती. मी अंगणात जाऊन मान वर केली. उत्तरेची खिडकी उघडीच, दक्षिणेची झडप वाऱ्याने आपटतेय. मी आत आले. दुपारी पुन्हा बाहेर गेले तर दोन्ही खिडक्या लावलेल्या. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला, आणि खरं सांगायचं तर त्याच क्षणी मला मिरच्याही झोंबल्या. म्हणजे व्हास्कोला जमलं. माझ्यावाचून जमलं. मग बसू दे त्यालाच.

शनिवार, रविवार पाऊस रिमझिमत होता. पाहुणे खोलीतच होते. लोरेदाना त्यांना ट्रेमधून नाश्ता वर नेऊन देत होती. आजारी असताना दुइलियोलाही मी कधी ट्रे नेला नव्हता, तो टेबलापाशी येऊन जेवला आणि टेबलापाशीच गेला.

सोमवारी डोंगराचा वारा सुटला. असा कोरडा, स्वच्छ वारा ऑक्टोबरात क्वचित मिळतो. सगळ्या टेकडीने खिडक्या उघडल्या, बायकांनी गाद्या उन्हात टाकल्या. आमच्या माळ्याच्या खिडक्या बंद. मी अंगणात उभी राहिले. चार दिवसांची ओल आत कोंडलेली होती आणि बाहेर हा वारा फुकट चालला होता. मला वाटलं, दुपारपर्यंत त्याला आठवेल. दुपारी नाही आठवलं. मंगळवारीही वारा तसाच. मी दोनदा बाहेर आले, दोनदा वर बघितलं, दोनदा आत गेले. किल्ली खिळ्यावर होती, माझ्या हातापासून एक वीत लांब. मी तिच्याखाली बसून जेवले.

बुधवारी सकाळी कोस्तान्झा स्वयंपाकघरात आली. पहिल्यांदाच एकटी आली, आणि तीही आठ वाजता. लोरेदाना, व्हास्को आणि मी तिघंही तिथे होतो. ती म्हणाली, आमच्या खोलीत छतातून वास येतोय. ओल्या पोत्यासारखा. सांगावं की नाही कळत नव्हतं.

व्हास्को किल्ली घेऊन पळाला. आम्ही मागोमाग. सासू गेल्यापासून पहिल्यांदाच माझ्यादेखत दुसऱ्या कुणी तो दरवाजा उघडला.

ते कसं दिसत होतं ते मी लिहिणार नाही. ज्याने राखाडी बुरशी पाहिली आहे त्याला सांगायला नको. दक्षिणेकडचे तट्टे तर वरपासून खालपर्यंत मांजराच्या पाठीसारखे झाले होते. व्हास्कोने दोन्ही खिडक्या धाडकन उघडल्या. वकीलसाहेब झोपेच्या कपड्यांत जिन्यावर येऊन नाकाला रुमाल लावून उभे होते.

"कुणी लावल्या खिडक्या?" मी विचारलं.

व्हास्को म्हणाला, "तूच ना? मला वाटलं, तू चोरून वर येतेस. कापडी चपला घालून. म्हणून तर आवाज येत नाही."

"मलाही तसंच वाटलं," लोरेदाना म्हणाली. "तुम्ही चार दिवस माळ्याशिवाय राहाल असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही, आई."

"मी लावल्या," कोस्तान्झा म्हणाली. "शुक्रवारी. झडप आपटत होती. मी लोरेदानाला विचारलं, तिने किल्ली कुठे आहे ते सांगितलं."

लोरेदानाला आत्ता आठवलं. पाहुण्यांच्या अंड्यांच्या गडबडीत हात हलवून तिने सांगितलं होतं, खिळ्यावर आहे, लावून टाका. आणि मला ते सांगायचं तर आमचं बोलणं बंद होतं.

मग माझं तोंड सुटलं. त्या बाईला मी काय काय म्हणाले ते सगळं आठवत नाही, पण जे आठवतं ते पुरेसं आहे. म्हटलं, दुपारपर्यंत अंथरुणात लोळणाऱ्यांच्या झोपेपायी माझ्या पणतवंडाचं पिंप गेलं. म्हटलं, ज्या हातांना कधी घट्टा पडला नाही त्यांनी दुसऱ्याच्या घराच्या कड्यांना हात लावू नये. विश्रांती घ्यायला आलात ना, घ्या आता, पोटभर घ्या. वकील मध्येच म्हणाला, की आवाज खाली करा. मी म्हटलं, कायदा आपल्या गावात वाच, इथे नाही.

मी दम घ्यायला थांबले तेव्हा कोस्तान्झा बोलली, अगदी हळू.

"खिडकी मी लावली, माझं चुकलं. मला यातलं काही कळत नाही. पण तुम्हाला कळत होतं, सिन्योरा."

"काय कळत होतं मला?"

"मला इथे काही काम नाही. मी सकाळपासून खोलीच्या खिडकीत बसलेली असते. शुक्रवारी तुम्ही धुक्यात अंगणात येऊन वर बघितलंत. शनिवारी बघितलंत, रविवारी छत्री घेऊन बघितलंत. सोमवारी वारा बदलला तेव्हा तुम्ही तोंड वर करून हवा हुंगलीत. मी पाहिलं. मग बंद खिडक्यांकडे बघितलंत आणि आत गेलात. काल पुन्हा तेच."

"कोस्तान्झा," वकील म्हणाला, "आपला काही संबंध नाही यात. चल."

"आहे. वास आपल्याच डोक्यावर आहे."

व्हास्को माझ्याकडे वळला. त्याच्या हातात एक घड होता, त्याच्या बोटांत तो विरघळत होता. "आई, खरं आहे?"

खोटं बोलायला मी घाबरते असं नाही. कारभाऱ्याशी मी आठ वर्षांची असताना खोटं बोलले आहे. पण ही हडकुळी बाई माझ्यासमोर उभी होती आणि तिने माझं येणंजाणं एकेका दिवसाचं सांगितलं होतं.

"खरं आहे," मी म्हटलं.

लोरेदाना काही बोलली असती तर मला उत्तर देता आलं असतं. ती खाली गेली आणि चार कात्र्या, दोन पाट्या आणि जुन्या चादरी घेऊन आली.

तीन दिवस आम्ही निवडत होतो. बुरशीचा दाणा कापायचा तो शेजारचे दोन दाणे घेऊन कापायचा, कारण बाधा दिसण्याआधी तिथे पोचलेली असते. रस दुसऱ्या दाण्यावर ओघळू द्यायचा नाही. जो घड मधूनच गेला आहे तो सरळ पाटीत. चांगले घड वाऱ्याकडच्या तट्ट्यांवर, आधीपेक्षा दुप्पट अंतरावर. मध्ये एकदा आम्ही सगळे खाली उतरलो आणि व्हास्कोने गंधकाची वात जाळली. तळघर त्याची वाट बघत होतं, तरी तो दोन दिवस वरच होता. माझ्याशी कामापुरतंच बोलत होता.

कोस्तान्झाला कुणी बोलावलं नव्हतं. पहिल्याच दिवशी ती नवऱ्याचा एक जुना शर्ट घालून आली, चौथी कात्री उचलली आणि माझ्या समोरच्या तट्ट्याशी बसली. मी म्हटलं, पाहुण्यांनी काम करायची आमच्याकडे पद्धत नाही. ती म्हणाली, पाहुण्यांना शिव्या द्यायची आहे का? मी म्हटलं, ती आहे. ती कापायला लागली. वाईट कापत होती. मी तिच्या हातातून दोनदा घड काढून घेतला आणि दाखवलं, तिने दोनदा माझ्याच हातून परत घेतला.

दुपारी खालून हॉर्न वाजला. वकिलाने गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी दोन रात्रींची खोली घेतली होती, तिथे लोक अंगाला चिखल फासून पडून राहतात म्हणे. पुन्हा हॉर्न वाजला. कोस्तान्झा उठून खिडकीशी गेली आणि खाली म्हणाली, तू जा आत्तिलियो, मी नाही येत. खालून बराच वेळ काहीतरी बोलणं वर येत होतं, लग्नाचा वाढदिवस, एवढ्या लांबून, या बाईने तुझा अपमान केला, असं. ती ऐकून घेत होती. मग गाडी गेली.

ती परत येऊन बसली. एक तट्टा संपल्यावर मी विचारलं, की नवऱ्याबरोबर का गेला नाहीत?

"तीस वर्षं त्याच्याबरोबर विश्रांती घेतेय," ती म्हणाली. "थकले."

लोरेदाना फस्सकन हसली. मी हसले नाही. मी पाटी उचलून जिन्याकडे गेले आणि तिथे पाठ करून थोडा वेळ उभी राहिले.

यावरून आमची मैत्री झाली असं कुणी समजू नये. दुसऱ्या दिवशी तिने मला विचारलं, की तुम्ही नुसतं हाक मारून सांगायचंत, खिडक्या उघडा, एवढंच, का नाही सांगितलंत? मी तिला सांगितलं, की ते तुम्हाला कळणार नाही, तुम्ही मिलानच्या. ती म्हणाली, मला चांगलं कळतं, म्हणून तर विचारते. आणि लोरेदानाकडे बघून म्हणाली, माझी सासू अशीच होती, तिने एकदा रागाच्या भरात गॅसवर दूध उतू जाताना पाहिलं आणि उठली नाही, सगळं घर पेटायचं राहिलं. लोरेदाना म्हणाली, मग काय झालं? काही नाही, कोस्तान्झा म्हणाली, दूध गेलं, आणि मी पुढची दहा वर्षं तिच्या घरी दूध प्यायले नाही. दोघी हसल्या. माझ्या माळ्यावर, माझ्यासमोर, माझ्याच मापाच्या दुसऱ्या म्हातारीला हसल्या. मी म्हटलं, तोंडं बंद ठेवा, थुंकी उडते द्राक्षांवर.

शुक्रवारी संध्याकाळी वकील परतला, गुलाबी होऊन. शनिवारी त्यांचे पंधरा दिवस भरले. सामान गाडीत ठेवताना तो मला मोठ्या मनाने म्हणाला, की झालं गेलं ते मी मनात ठेवणार नाही, तुमच्या घराबद्दल चांगलंच लिहीन. मी म्हटलं, खरं तेच लिहा, म्हणजे तुमच्यासारखे कमी येतील. लोरेदानाने डोळे मिटून घेतले. मग त्याने विचारलं, की विन सांतोची एक बाटली मिळेल का. मी नाही म्हटलं. लोरेदानानेही नाही म्हटलं, माझ्याआधी, आणि मला त्याचं नवल वाटलं.

कोस्तान्झाने हात पुढे केला. बोटं काळी पडली होती, नखांत चिकट. मी म्हटलं, तुम्ही दाण्यापासून फार लांब कापता, देठ उरतं, ते सडतं. ती म्हणाली, बरं. गाडी सायप्रेस झाडांच्या रांगेपलीकडे गेली तशी लोरेदाना आत जाता जाता म्हणाली, "एवढं गोड बोललात तुम्ही तिच्याशी. माझ्याशी बोलायला वीस वर्षं लागली." किल्ली पुन्हा खिशात घालायला मी खिळ्याशी गेले, तर ती तिथे नव्हती. लोरेदानाच्या एप्रनमध्ये होती. त्यावर आमचं जे भांडण व्हायचं ते झालं, नोव्हेंबरभर झालं. शेवटी ठरलं ते असं, की पहाटेची आणि सकाळची फेरी माझी, दुपारची आणि संध्याकाळची तिची, आणि वारा फिरला तर जिला आधी कळेल तिने मोठ्याने ओरडायचं, मग घरात कोणी का झोपलेलं असेना. डिसेंबरात ती एकदा मध्यरात्री ओरडली. वारा फिरलाच नव्हता. मी तिला सांगितलं, तुला नाक नाही. पण उठून गेले.

जिनेव्राची मुलगी ओर्सोला फेब्रुवारीच्या नऊ तारखेला जन्मली, रविवारी. मंगळवारी आम्ही रस काढला. अठरा लिटर झाला. आमची पिंपं पन्नासची. एवढा थोडा रस मोठ्या पिंपात ठेवला तर हवा वर बसते आणि त्याचा सिरका होतो. व्हास्को म्हणाला, शेजारच्यांचा रस मागू आणि भर घालू, कुणाला कळणार आहे. मी म्हटलं, मला कळेल. लोरेदाना म्हणाली, मलाही. मग व्हास्कोने पिंपवाल्याकडे जाऊन वीस लिटरचं चेस्टनटचं एक पिंप करून आणलं, बुटकंच म्हणायचं. दुइलियोच्या पिंपातला गाळ काढायचा होता. तो आजवर या घरात जी सासू असेल तिनेच काढलेला आहे. मी पळी हातात घेतली, पिंपाशी वाकले. मग ती लोरेदानाला दिली आणि सांगितलं, तळ खरवडू नकोस, वरवरचा घे. तिला माहीत होतं. इतकी वर्षं ती दारातून बघत आलेली आहे.

मेण लावलं, खडूने नाव लिहिलं. ते पिंप बाकीच्यांच्या रांगेत मांडलं तेव्हा कोंबडीच्या पिलासारखं दिसायला लागलं.

"लग्नात लोक विचारतील," लोरेदाना म्हणाली, "हिचंच एवढंसं का? काय सांगायचं?"

तिच्या तोंडावर ते हसू होतं जे मला पाठ आहे. मी म्हटलं, सांग काय सांगायचं ते, मी थोडीच असणार आहे तेव्हा. ती म्हणाली, मी सांगेन, मला सगळं आठवतं.

तिला काय आठवतं ते मला ठाऊक आहे. तिच्या गोष्टीत मी माळ्यावर रडले असेन. मी रडले नाही. आणि दहा वर्षं गेली की व्हास्कोला फक्त एवढंच आठवेल, की मिलानच्या एका बाईने खिडकी लावली होती.

म्हणून हे मीच लिहून ठेवलं आहे. तिसरीपर्यंत शिकलेल्या बाईचं अक्षर जसं असतं तसं आहे, लागेल तितकं लागेल. ओर्सोला, तुझं पिंप लहान आहे ते माझ्यामुळे. मला कळत होतं आणि मी बसून राहिले. पण त्यात अठरा लिटर आहेत, आणि एकही थेंब दुसऱ्याच्या मळ्यातला नाही.